गाडी गावात, पत्र लालबागच्या पत्त्यावर

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या एस.टी. स्टँडबाहेर दहा मिनिटे उभे राहावे आणि मोटारसायकलींच्या नंबरपाट्या वाचाव्यात. एमएच-०८ च्या जोडीला एमएच-०१ च्या पाट्याही दिसतील. एमएच-०१ म्हणजे ताडदेवचे आरटीओ. गिरगाव, परळ, लालबागकडच्या गाड्यांची नोंद तिथली. मुंबईत राहणाऱ्या भावाने, मेव्हण्याने किंवा शेजारच्या वाडीतल्या चाकरमान्याने चार-पाच वर्षे वापरलेली गाडी गावाकडे येते. चाळीत गाडी लावायला जागा नसते, दसऱ्याला नवी गाडी घ्यायची असते, नाहीतर घरच्यांनीच सांगितलेले असते, "जुनी फुकून टाकू नकोस, गावी पाठव." मग कुणी ती गणपतीला चालवत आणतो, कुणी दादरहून रेल्वेच्या पार्सलात टाकतो.

गाडी येते, पण कागद येत नाहीत. "गाडी कुणाच्या नावावर?" असे विचारले तर ठरलेले उत्तर मिळते, "अजून भावोजींच्याच. करू पुढच्या खेपेला." ती खेप काही येत नाही. याचा एक तोटा सगळ्यांना ठाऊक आहे : पोलिसाने अडवले की बोलणी खावी लागतात. दुसरा तोटा मात्र फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि तो जिवाशी खेळणारा आहे. गाडीत कारखान्यातूनच दोष राहिला असेल आणि कंपनीने ती दुरुस्तीसाठी परत मागवली, तर तो निरोप कागदावरच्या मालकाला जातो. गाडी चालवतो दापोलीचा मुलगा, आणि पत्र किंवा फोन जातो लालबागच्या चाळीतल्या जुन्या खोलीवर. ती चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला असेल, तर तिथेही कुणाला पत्ता लागत नाही.

परत मागवणे म्हणजे काय?

इंग्रजीत याला रिकॉल म्हणतात आणि आता डिलरच्या दुकानातही हाच शब्द चालतो. एखाद्या मॉडेलच्या ठरावीक महिन्यांत बनलेल्या गाड्यांत एखादा भाग सदोष निघाला, की कंपनी त्या काळातल्या सगळ्या गाड्या तपासायला बोलावते आणि तो भाग फुकट बदलून देते. गाडी कायमची काढून घेत नाहीत. हे सांगायचे कारण असे की 'कंपनी गाड्या परत नेते' असे ऐकून घाबरून गप्प बसणारेही आहेत.

उदाहरणे लांबची नाहीत. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने मिटिऑर ३५०, क्लासिक ३५० आणि बुलेट ३५० या मॉडेलांच्या २ लाख ३६ हजार ९६६ गाड्या परत मागवल्या. त्यात भारताबरोबर आणखी सहा देशांतल्या गाड्या होत्या. दोष इग्निशन कॉइलमध्ये होता. प्लगला ठिणगी पडण्यासाठी लागणारा जादा दाबाचा करंट ही कॉइल तयार करते. बाहेरच्या पुरवठादाराकडून डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात आलेल्या मालात काही कॉइली सदोष निघाल्या. गाडी मिसफायर होणे, ओढ कमी होणे आणि क्वचित शॉर्टसर्किट होणे, असा धोका कंपनीनेच जाहीर केला. प्रत्यक्षात दहा टक्क्यांहून कमी गाड्यांचा भाग बदलावा लागेल असा तिचा अंदाज होता. पण ते दहा टक्के कोणते, हे तपासल्याशिवाय कसे कळणार?

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच कंपनीने नव्या क्लासिक ३५० च्या २६ हजार ३०० गाड्या परत मागवल्या. १ सप्टेंबर ते ५ डिसेंबर २०२१ दरम्यान बनलेल्या, मागे ड्रम ब्रेक असलेल्या या गाड्या होत्या. मागचा ब्रेक ज्या पट्टीच्या आधाराने धरतो, ती पट्टी पायाचा ब्रेक अतिशय जोरात दाबल्यास खराब होण्याचा संभव होता. आता परशुराम घाट किंवा भोस्ते घाट डोळ्यांसमोर आणा. पावसाळी दिवस, मागे बायको, टाकीवर पोर, हँडलला पिशवी. ब्रेक अतिशय जोरात दाबण्याची वेळ आपल्याकडे वर्षातून एकदा येते की दिवसातून, ते वाचकांनीच ठरवावे.

ही एकाच कंपनीची गोष्ट नाही. २०१९ मध्ये होंडाने पुढच्या डिस्क ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधील दोषामुळे सुमारे ५० हजार गाड्या बोलावल्या. त्यात ॲक्टिव्हा १२५ होती, तशी खेड्यापाड्यांत खपणारी सीबी शाइनही होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये यामाहाने ब्रेकच्या लिव्हरसाठी सुमारे ३ लाख स्कूटर बोलावल्या. जानेवारी २०२२ पासून दोन वर्षांत बनलेल्या रे झेडआर आणि फॅसिनो या १२५ सीसीच्या त्या गाड्या होत्या. दोष सापडला म्हणजे कंपनी वाईट, असे म्हणता येत नाही. दोष कळल्यावर गाड्या बोलावून नीट करणारी कंपनी लपवणाऱ्या कंपनीपेक्षा केव्हाही बरी. प्रश्न एवढाच की बोलावणे आपल्यापर्यंत पोहोचते का.

गावातला मेस्त्री आणि तोंडी तक्रार

आता दुसरी बाजू पाहू. कंपनीने बोलावलेच नाही, पण गाडी सारखी त्रास देते, असे कितीतरी जण सांगतात. तीन वेळा दुरुस्त करूनही तोच ऑइल गळतो. चढावर गिअर सुटतो. पावसात गाडी बंद पडते. मेस्त्रीकडे नेली की तो हसून म्हणतो, "या मॉडेलला हे असतंच." हे वाक्य कुणी ऐकले नाही? लालबागचा मेस्त्री हेच म्हणतो आणि लांज्याचाही हेच म्हणतो.

वास्तविक या वाक्यात फार मोठी माहिती दडलेली आहे. मेस्त्रीने त्याच मॉडेलच्या बऱ्याच गाड्या पाहिल्या आणि सगळ्यांत तोच दोष दिसला, याचा अर्थ तो दोष चालवणाऱ्याचा किंवा रस्त्याचा नसून बांधणीचा असू शकतो. पण ही माहिती ग्यारेजच्या उंबऱ्यातच राहते. ऑपेरा हाऊसच्या बाजारातून सुटा भाग मागवून तो बसवला जातो, पैसे आपल्या खिशातून जातात आणि कंपनीच्या दप्तरी ती गाडी ठणठणीत असते. सरकारच्या दप्तरी तर ती नसतेच.

एक सावधगिरी इथेच सांगितली पाहिजे. प्रत्येक बिघाड म्हणजे कारखान्याचा दोष नव्हे. परळ-दादरला हिंदमाताच्या चौकात कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिलेली गाडी स्वस्तात मिळाली म्हणून कुणी आणली आणि तिचे वायरिंग गंजले, तर त्याला कंपनी काय करणार? जुनी गाडी घेताना ती पाण्यात बुडाली होती का, अपघातात सापडली होती का, हे आपणच विचारून आणि मेस्त्रीला दाखवून घ्यायला हवे.

कायदा कुठून कुठे आला

अमेरिकेत १९६६ सालीच वाहनांच्या सुरक्षेचा कायदा झाला. रॅल्फ नेडर या तरुण वकिलाने आदल्या वर्षी मोटार कंपन्यांवर पुस्तक लिहून रान उठवले होते. आपल्याकडेही त्याच १९६६ साली मुंबईत नऊ बायांनी पुढाकार घेऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत काम करू लागली. ग्राहकाने बोलले पाहिजे हे मराठी माणसाला या संस्थांनी शिकवले. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला.

तरीही सदोष गाड्या परत मागवाव्यात अशी सक्ती मात्र बराच काळ नव्हती. २०१२ च्या जुलैत वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने स्वखुशीची आचारसंहिता केली. स्वखुशी म्हणजे कंपनीला वाटले तर. सक्ती आली ती मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने. त्या दुरुस्तीने कायद्यात '११०-अ' हे कलम घातले गेले आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले.

या कलमाचा अर्थ सोप्या भाषेत असा. चालवणाऱ्याच्या, मागे बसणाऱ्याच्या किंवा रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाला अपाय करील असा दोष गाडीत असल्याचे दिसले, तर केंद्र सरकार कंपनीला त्या गाड्या परत मागवायला लावू शकते. कंपनीने मग गाडी दुरुस्त करून द्यावी, बदलून द्यावी किंवा किंमत परत करावी. दोष कंपनीच्या स्वतःच्या ध्यानात आला तर तिने सरकारला कळवून आपणहून गाड्या मागवाव्यात. तसे केले तर तिला दंड नाही. नियमांप्रमाणे हे सारे सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू आहे.

सरकारला दोष दिसणार कसा? एक तर तपासणी संस्थांकडून. पुण्याची एआरएआय ही त्यातली एक. दुसरा मार्ग म्हणजे मालकांच्या तक्रारी. एका मॉडेलच्या खपाच्या मानाने ठरावीक संख्येने मालकांनी एकाच दोषाची तक्रार सरकारकडे नोंदवली, की चौकशीचे चाक फिरते. यासाठी रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहन पोर्टलवर सोय केली आहे. तक्रार नोंदवताना गाडीच्या नोंदणीची माहिती द्यावी लागते. म्हणजे पुन्हा तेच. आरसी बुक भावोजींच्या नावावर असेल तर ही तक्रार कोण करणार? मेस्त्रीजवळ शंभर जण तोंडाने बोलले तरी सरकारी हिशेबात तो आकडा शून्यच.

मोजणीत आलेल्या तक्रारी

तक्रारी मोजल्या गेल्या की काय होते, ते विजेवरच्या स्कूटरच्या बाबतीत दिसले. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली ओला कंपनीची एस-१ प्रो स्कूटर पेटली. त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. इतर कंपन्यांच्या स्कूटरही त्या उन्हाळ्यात पेटल्या. एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सदोष गाड्या आपणहून परत मागवा, नाहीतर दंड होईल, असे कंपन्यांना जाहीरपणे बजावले. त्यानंतर काही दिवसांतच ओलाने त्या तुकडीतल्या १ हजार ४४१ स्कूटर तपासणीसाठी बोलावल्या.

पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कंपनीला नोटीस काढली. तिला आधार होता राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात आलेल्या १० हजार ६४४ तक्रारींचा. कंपनीने यातल्या ९९ टक्क्यांहून अधिक तक्रारी सोडवल्याचे सांगितले. खरे-खोटे काहीही असो, पण एवढ्या मोठ्या कंपनीला जाहीर उत्तर द्यावे लागले, ते लोकांनी फोन उचलून १९१५ हा नंबर फिरवला म्हणून. हेल्पलाइनचा हा नंबर आजही चालू आहे आणि मराठीत बोलता येते.

परळला जायची गरज नाही

ज्यांनी मुंबईत गाडी घेतली, त्यांना पूर्वी दाद मागायची तर परळ गाठावे लागे. महात्मा गांधी हॉस्पिटलजवळच्या पुरवठा भवनात दक्षिण आणि मध्य मुंबईचे ग्राहक मंच बसत. लालबागच्या माणसाला ते पायी जाण्याच्या अंतरावर. पण गाडी गावी आणल्यानंतर प्रत्येक तारखेला रात्रीच्या एस.टी.ने मुंबई गाठायची, रजा टाकायची आणि 'पुढची तारीख' ऐकून परत फिरायचे, हे कुणाला परवडणार? त्यापेक्षा दुरुस्तीचे पैसे भरलेले बरे, असे माणूस म्हणायचा.

२० जुलै २०२० पासून नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू झाला आणि हा अडसर दूर झाला. आता ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगापुढे तक्रार करता येते. म्हणजे गाडी दादरला घेतलेली असली तरी रत्नागिरीत दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत यायला हवे. वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

पण नुसते 'गाडी खराब आहे' म्हणून भागत नाही. दोष कारखान्याचाच आहे हे दाखवावे लागते आणि गरज पडल्यास आयोग गाडी तपासणीला पाठवतो. हातात कागद नसेल तर भलेभले हरतात. आणि नवी कोरी गाडीच बदलून मिळेल अशी आशाही धरू नये. मारुती कंपनीच्या एका गाडीच्या क्लचच्या दोषावरून चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन आहे, तेव्हा पूर्ण गाडी बदलण्याचा हुकूम योग्य नाही. ग्राहकाला झालेल्या त्रासाची भरपाई मात्र मिळाली. खटला मोटारीचा होता, पण मोटारसायकलवाल्यानेही तो ध्यानात ठेवावा.

म्हणून सर्व्हिसिंगला गाडी टाकताना जॉबकार्डावर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. डिलरचा माणूस "जनरल चेकअप" एवढेच लिहितो. त्याला सांगावे, "चढावर दुसरा गिअर सुटतो, असं लिही बाबा." तारीख आणि किलोमीटर पडले पाहिजेत. तीन जॉबकार्डांवर तीच तक्रार असली की तो पुरावा झाला. बदललेला भाग जुना म्हणून डिलरकडे सोडू नये. दाखवायला मागावा, निदान फोटो तरी काढून ठेवावा.

नाव चढवा, दोघेही सुटा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. गाडी आपल्या नावावर करणे हे वाटते तेवढे अवघड नाही. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत नमुना २९ भरून आरटीओला कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नमुना ३० ने अर्ज करायचा. मूळ मालक वारला असेल तर वारसाने नमुना ३१ भरायचा. कर्जाची नोंद असेल तर बँकेकडून नमुना ३५ घेऊन ती आधी उतरवावी लागते. ताडदेवच्या हद्दीतली गाडी रत्नागिरीला आणताना ना-हरकत दाखला लागेल का, हे अर्जाआधीच विचारून घ्यावे म्हणजे हेलपाटे वाचतात. नंबर एमएच-०१ चाच राहतो. तेव्हा "मुंबैची पाटी जाईल" ही भीतीही नको.

यात मुंबईकराचा स्वार्थही आहे. गाडी विकून पैसे घेतले, आता आपला संबंध संपला, असे चाकरमान्याला वाटते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले, की नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक. त्या प्रकरणात वाहन एकाकडून दुसऱ्याला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला असे विकले गेले होते, पण नोंद पहिल्याचीच राहिली होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या पहिल्यावर आली. म्हणजे गावातल्या पोराने घाटात कुणाला धडक दिली, तर नोटीस परळच्या घरी जाऊ शकते. भाऊबंदकीला आणखी कारण कशाला हवे?

नाव चढवले की आपला पत्ता आणि आपला मोबाईल नंबर आरटीओच्या नोंदीत द्यावा. मग त्याच ब्रँडच्या जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन तिथेही तो नोंदवून घ्यावा. तिथेच विचारावे, "या चासी नंबरच्या गाडीला कुठले रिकॉल बाकी आहे का?" चासी नंबर आरसी बुकावर असतो आणि बहुतेक मोटारसायकलींना हँडलखालच्या नळीवर कोरलेला असतो. तो सतरा अक्षर-आकड्यांचा असतो. घासून, चिखल पुसून नीट वाचावा. गाडी कोणत्या महिन्यात बनली हेही आरसीवर मिळते. रिकॉलचे काम फुकट असते, गाडी दुसऱ्या हातची आहे म्हणून पैसे मागितले तर पावती मागावी आणि हेल्पलाइनला कळवावे.

गाव पातळीवरही एक गोष्ट सहज होण्यासारखी आहे. वाडीत एकाच मॉडेलच्या चार गाड्या असतील आणि चारींना एकच दुखणे असेल, तर चौघांनी मिळून एका कागदावर गाडीचे मॉडेल, बनल्याचा महिना, किलोमीटर आणि दोष लिहावा. मेस्त्रीकडून त्यावर सही घ्यावी. मग चौघांनी चार वेगवेगळ्या तक्रारी पोर्टलवर आणि हेल्पलाइनवर नोंदवाव्यात. एकच तक्रार चौघांच्या वतीने केली तर ती एकच मोजली जाईल. सेतू केंद्रावर किंवा कॉलेजात जाणाऱ्या पोराच्या मोबाईलवर हे काम अर्ध्या तासाचे आहे.

गणपतीला मुंबईहून माणसे येतील, तेव्हा गाडीचा मूळ मालकही घरी असेल. त्याच्या सह्या तेव्हाच घेऊन ठेवाव्यात. आरतीनंतर पत्त्यांचा डाव मांडायच्या आधी नमुना २९ आणि ३० पुढे ठेवला, तर रागावणार कोणी नाही. मग कंपनीचे बोलावणे येईल ते गाडी चालवणाऱ्याच्याच हाती येईल.